खाडीत सांडलेल्या रसायनाचा हिशेब कसा मांडावा

ठाण्याच्या खाडीत सांडलेले एखादे रसायन हवा, पाणी आणि गाळ यांत कसे वाटले जाईल, याचा अंदाज बांधायचा असेल, तर संगणक सुरू करण्याआधी कागदावर तीन कप्पे आखावेत आणि प्रत्येकाचे आकारमान घनमीटरमध्ये लिहावे. रसायन अभियंता डोनाल्ड मॅके यांनी 1979 मध्ये मांडलेली ही रीत फ्युगॅसिटीवर, म्हणजे पदार्थाच्या त्या कप्प्यातून निसटण्याच्या ओढीवर उभी आहे. समतोल साधला की ही ओढ सगळ्या कप्प्यांत सारखी होते.

त्यानंतर प्रत्येक कप्प्याची धारणक्षमता, म्हणजे ठरावीक फ्युगॅसिटीला एका घनमीटरमध्ये किती पदार्थ मावतो ते, काढावी. हवेची 25 अंश सेल्सिअसला सुमारे 0.0004 मोल प्रति घनमीटर प्रति पास्कल असते, तर पाण्याची म्हणजे हेन्री स्थिरांकाचा (पदार्थ पाण्यातून हवेत किती सहज जातो हे सांगणाऱ्या आकड्याचा) व्यस्तांक. सर्वाधिक घात इथेच होतो, कारण काही तक्त्यांत हा स्थिरांक पास्कलमध्ये असतो, तर काहींत ॲटमॉस्फिअरमध्ये. डांबरगोळीतल्या नॅफ्थलीनसाठी तो सुमारे 44 पास्कल-घनमीटर प्रति मोल आहे. एक चौरस किलोमीटर क्षेत्र, 1000 मीटर उंच हवा आणि 5 मीटर खोल पाणी घेतले, गाळ तूर्त बाजूला ठेवला, तर सुमारे 78 टक्के नॅफ्थलीन हवेत जाते. विद्यार्थिदशेत मी एकक न बदलता ॲटमॉस्फिअरमधला 0.00043 हाच आकडा भरला आणि जवळजवळ सगळे नॅफ्थलीन पाण्यातच राहिले. कपाटातली डांबरगोळी काही महिन्यांत उडून जाते, हे लहानपणापासून पाहिलेले असूनही चूक कळायला मला दोन दिवस लागले. म्हणून प्रत्येक उत्तर अशा रोजच्या अनुभवावर घासून पाहावे, असा माझा आग्रह आहे.

गाळासाठी ऑक्टॅनॉल-पाणी विभाजन गुणांक (पदार्थ ऑक्टॅनॉल या तेलकट द्रवात पाण्याच्या किती पट साठतो ते) आणि गाळातील सेंद्रिय कार्बनचे प्रमाण लागते. हे प्रमाण शक्यतो खाडीच्याच नमुन्यावरून घ्यावे, कारण खारफुटीखालचा काळा चिखल आणि वाळू यांत मोठा फरक असतो.

मग प्रवाह जोडावेत. ओहोटीला बाहेर गेलेल्या पाण्यापैकी बराच भाग पुढच्या भरतीबरोबर परत येतो. ते सारे बाहेर गेले असे धरले, तर खाडी प्रत्यक्षापेक्षा लवकर स्वच्छ झालेली दिसते. वर्षभराची सरासरीही मुंबईत फसवी ठरते, कारण पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. त्यामुळे पावसाळ्याचा आणि उरलेल्या आठ महिन्यांचा असे दोन हिशेब वेगळे मांडावेत आणि पावसाळ्याअखेर गाळात उरलेला साठा दुसऱ्या हिशेबाची सुरुवात म्हणून धरावा.