मैत्रिणीच्या नव्या, स्वस्त टॅबवर ॲप टाकून देताय? या चुका टाळा

ओळखीत कुणी स्वस्तातला टॅब घेतला की तो खोक्यासकट माझ्याकडे येतो. "तुला जमतं गं, जरा सगळं टाकून दे." मला हे काम मनापासून आवडतं. पण सुरुवातीच्या काही टॅबवर मी ज्या चुका केल्या, त्या निस्तरताना मैत्रिणींना जास्त त्रास झाला. म्हणून हे लिहिते आहे.

"सध्या माझ्या खात्याने चालू करते"

सगळ्यात महागात पडलेली चूक हीच. मैत्रिणीला तिच्या जीमेलचा पासवर्ड आठवेना. दोघींनाही घाई होती, म्हणून मी माझं गूगल खातं टाकलं आणि म्हटलं, नंतर बदलू. ते 'नंतर' राहूनच गेलं. माझ्या फोनमधली नावं आणि नंबर तिच्या टॅबवर उतरले, तिने काढलेले फोटो माझ्या खात्यात जमू लागले. काही महिन्यांनी टॅब अडकायला लागला, तेव्हा तिच्या भाच्याने बटणं दाबून तो फॅक्टरी रीसेट केला, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा केला. टॅब सुरू झाला आणि आधीच्या खात्याचा पासवर्ड मागत थांबला. मी तेव्हा प्रवासात होते. दोन दिवस तो टॅब नुसता पडून राहिला.

हा बिघाड नव्हता. २०१५ मध्ये अँड्रॉइड ५.१ सोबत आलेली ही चोरीविरोधी सोय आहे. टॅबवर खातं जोडलेलं असेल, स्क्रीन लॉक लावलेला असेल आणि कुणी सेटिंग्जमध्ये न जाता बाहेरूनच रीसेट केलं, तर टॅब जुन्या मालकाची खूण मागतो. त्या टॅबच्या लेखी मालकीण मी होते.

तेव्हा अर्धा तास गेला तरी चालेल, पण तिचंच खातं परत मिळवा. तिचा जुना फोन चार्ज करून शेजारी ठेवा, कारण "हे तुम्हीच आहात का?" हा प्रश्न बहुतेक वेळा त्याच फोनवर येतो. कंटाळून नवं खातं उघडू नका. तिने पूर्वी विकत घेतलेली ॲप जुन्या खात्यावर नोंदलेली असतात, ती त्याच खात्यावर पुन्हा फुकट उतरवता येतात. नव्या खात्यावर ती दिसणार नाहीत. पासवर्ड तिलाच टाइप करू द्या आणि तिच्याच वहीत लिहू द्या.

पहिल्या तासातच "टॅब फारच हळू आहे" म्हणणं

नवा टॅब नेटला जोडला की आतली सगळी ॲप एकदम अपडेट व्हायला लागतात. प्ले सर्व्हिसेस, कीबोर्ड, ब्राउझर, वेबव्ह्यू (इतर ॲपमध्ये वेबपानं दाखवणारा भाग), शिवाय कंपनीने आधीच भरून ठेवलेली डझनभर ॲप. दोन-तीन जीबी रॅम, म्हणजे चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी, आणि ईएमएमसी या स्वस्त, संथ प्रकारच्या स्टोरेजवर हा भार पडला की स्क्रीनला बोट लावल्यावर प्रतिसाद यायला वेळ लागणारच. त्यातच आपण आणखी पंधरा ॲप रांगेत लावतो. मग काहीच पुढे सरकत नाही, मैत्रीण हिरमुसते आणि आपण म्हणतो, "स्वस्तातला आहे ना, असाच असणार." एवढ्यात असं बोलून तिचं मन मोडू नका.

टॅब चार्जरला लावा, सिस्टिम अपडेट असेल तर तो आधी करा, टॅब एकदा बंद करून चालू करा, मग प्ले स्टोअरमधून सगळी अपडेट उरकू द्या. एवढ्या वेळात तिला रोज नेमकी कोणती ॲप लागतात ते विचारून घ्या. बहुतेकींची यादी आठ-दहाच्या पुढे जात नाही. आपल्या आवडीची ॲप त्यात घुसवू नका. 'रॅम बूस्टर' आणि 'क्लीनर' तर अजिबात नकोत. अशी ॲप स्वतःच मागे चालत राहतात आणि आहे ती रॅम खातात.

डाउनलोड "पेंडिंग"वर अडकलंय

प्ले स्टोअरमध्ये वर कोपऱ्यात खात्याचं चित्र असतं. त्यातून ॲप आणि डिव्हाइसच्या यादीत जा आणि रांगेत पुढे काय चाललंय ते बघा. बाकीची डाउनलोड रद्द केली की हवं ते ॲप चालू होतं. तरीही हललं नाही तर सेटिंग्जमध्ये प्ले स्टोअरची कॅश, म्हणजे तात्पुरती साठवलेली माहिती, साफ करा.

पण त्याआधी तारीख बघा. साइन इन होत नाही, पानं उघडत नाहीत, प्रत्येक ठिकाणी सुरक्षिततेचा इशारा येतो, असं असेल तर दोष अनेकदा तारखेचाच निघतो. टॅब बरेच महिने खोक्यात पडून राहिला आणि बॅटरी पूर्ण उतरली की घड्याळ मागे जातं. सुरक्षित जोडणी करताना समोरच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र आजच्या तारखेला वैध आहे का, हे टॅब तपासतो. टॅबची 'आज' दोन वर्षं जुनी असेल, तर त्याला ते प्रमाणपत्र अजून सुरूच न झालेलं वाटतं. तारीख आणि वेळ 'आपोआप'वर ठेवा. मी एकदा यापायी दोन वेळा रीसेट केलं होतं, घड्याळाकडे बघायचं मात्र सुचलं नाही.

घरचं वायफाय यादीत दिसतच नसेल, तर ते फक्त ५ गिगाहर्ट्झवर चालू आहे का ते बघा. कित्येक स्वस्त टॅबना २.४ गिगाहर्ट्झच पकडता येतं.

"तुमच्या डिव्हाइसशी सुसंगत नाही" दिसलं, की बाहेरून एपीके आणणं

हा संदेश आला की मदत करणाऱ्याचा हात ब्राउझरकडे वळतो. कुठल्याशा साइटवरून एपीके, म्हणजे ॲप बसवायची फाइल, उतरवायची, 'अनोळखी ॲप'ची परवानगी द्यायची, की झालं काम. थांबा. आधी कारण बघा. अँड्रॉइडची आवृत्ती जुनी असेल, किंवा चिप ६४ बिटची असूनही कंपनीने वर जुन्या पद्धतीचं ३२ बिटचं अँड्रॉइड बसवलं असेल, तर ते ॲप एपीकेनेही चालणार नाही. शिवाय ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअरवरच्या नव्या ॲपना 'ॲप बंडल' सक्तीचं झालं. त्यामुळे एकेका ॲपचे तुकडे प्रत्येक टॅबसाठी वेगवेगळे पाठवले जातात. बाहेरून आणलेल्या फाइलमध्ये त्यातला एकच तुकडा असला की "ॲप इन्स्टॉल झालं नाही" एवढंच दिसतं. आणि फाइलमध्ये कुणी फेरफार केला असेल तर तिची डिजिटल सही (ॲप कुणी बनवलं याची खूण) मूळ कंपनीच्या सहीशी जुळत नाही, म्हणून पुढची अधिकृत अपडेट त्यावर बसत नाहीत. आत काय घातलंय, तेही कळत नाही.

त्यापेक्षा तीच सेवा ब्राउझरमध्ये उघडा आणि 'होम स्क्रीनवर जोडा' करा. चिन्ह ॲपसारखंच दिसतं आणि जागाही फारशी अडत नाही. पूर्वी कुणी परवानगी देऊन ठेवली असेल तर सेटिंग्जमध्ये शोधून बंद करा. अँड्रॉइड ८ पासून ती प्रत्येक ॲपला वेगळी दिली जाते, म्हणून ब्राउझर, फाइल मॅनेजर, सगळीकडे बघा.

टॅब खरा कोणता आहे, हे न तपासणं

ॲमेझॉनच्या फायर टॅबवर प्ले स्टोअर नसतं, त्यांचं स्वतःचं ॲपस्टोअर असतं. तो बिघाड समजू नका. काळजी करायची ती अनोळखी छापाच्या टॅबची. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये 'अबाउट'खाली 'प्ले प्रोटेक्ट सर्टिफिकेशन' अशी ओळ असते. तिथे टॅब गूगलकडून प्रमाणित असल्याचं लिहिलेलं नसेल तर सावध व्हा. २०२५ मध्ये 'बॅडबॉक्स २.०' नावाचं, हॅकरांच्या ताब्यातल्या उपकरणांचं जाळं उघड झालं, त्यात १० लाखांहून जास्त स्वस्त, अप्रमाणित अँड्रॉइड उपकरणं अडकलेली होती. टीव्ही बॉक्स आणि प्रोजेक्टरांबरोबर टॅबही त्यात होते, आणि अनेकांत घातक प्रोग्राम ग्राहकाच्या हाती पडण्याआधीच घातलेला होता. असा टॅब रीसेट करूनही स्वच्छ होईलच असं नाही. मैत्रिणीला वाईट वाटलं तरी स्पष्ट सांगा, यावर बँक नको, मुख्य ईमेल नको, परत करता आला तर परत कर.

खोक्यावरचे आकडेही तिला समजावून सांगा. "८ जीबी रॅम"च्या शेजारी बारीक अक्षरात ३+५ असेल तर खरी रॅम ३ जीबीच आहे, उरलेली ५ स्टोरेजमधून उसनी घेतलेली. ३२ जीबी स्टोरेज टॅबच्या हिशेबात अनेकदा तीसच्याही खाली भरतं, आणि त्यातलाही मोठा हिस्सा सिस्टिम घेते. मेमरी कार्ड घातलं की ॲप तिकडे जातील असं गृहीत धरू नका, कित्येक कंपन्या ती सोय बंद ठेवतात. कार्ड फोटो आणि व्हिडिओंसाठी वापरा. ॲपसाठी चालणार असेलच तर त्यावर ए१ किंवा ए२ ही ॲप चालवण्याच्या वेगाची खूण बघून घ्या.

व्हॉट्सॲप, बँक, व्हिडिओ

व्हॉट्सॲपसाठी टॅबवर नंबर टाकून नव्याने नोंदणी करू नका, तसं केलं तर ते फोनवरून जाईल. 'लिंक्ड डिव्हाइस' निवडून फोनने कोड स्कॅन करा. एका फोनला अशी चार उपकरणं जोडता येतात. बँकेची बरीच ॲप त्याच उपकरणात सिम मागतात, त्यांना फोनवरच राहू द्या. आणि व्हिडिओ धूसर दिसतो म्हणून ॲप पुन्हापुन्हा काढून टाकू नका. टॅबला वाइडवाइनची, म्हणजे व्हिडिओची चोरी रोखणाऱ्या गूगलच्या यंत्रणेची, एल१ ही सर्वात वरची पातळी नसेल तर पैसे भरून घेतलेल्या व्हिडिओ सेवा त्यावर कमी रिझोल्यूशनच देतात.

शेवटचं ॲप मात्र तिलाच शोधू द्या. परवा मैत्रिणीने 'विणकाम' टाइप केलं आणि सगळ्यात वर आलेल्या ॲपवर बोट नेलं. मी फक्त तिथला बारीक 'प्रायोजित' शब्द दाखवला. तिने चष्मा सावरला, खाली गेली, बनवणाऱ्याचं नाव वाचलं, लोकांचे अभिप्राय वाचले, आणि तिसरं ॲप निवडलं.