सेंटर स्पीकरच्या या चुका टाळा, डायलॉग कळत नाही म्हणून लगेच नवीन घेऊ नका

होम थिएटर लावलं की ही तक्रार हमखास येते, गाणी आणि मारामारी दणदणीत पण माणसं काय बोलतायत तेच कळत नाही. आमच्याकडे आई दर दोन मिनिटांनी "काय म्हणाला रे तो?" विचारायची, डायलॉगला आवाज वाढवा आणि गाणं लागलं की कमी करा, असं सगळा पिक्चरभर. मी तर नवीन सेंटर, म्हणजे टीव्हीखाली ठेवतात तो बोलण्याचा मधला स्पीकर, बघायलाही लागलो होतो.

खरी भानगड टीव्ही युनिटमध्ये होती. सेंटर मधल्या कप्प्यात पार मागे ढकललेला आणि त्याच्यापुढे सनमायकाची अर्धा फूट फळी मोकळी. आवाज त्या फळीवर, कप्प्याच्या बाजूंवर आपटून येतो म्हणून बोलणं घुमतं, मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखं. स्पीकर ओढून कडेच्या बोटभर बाहेर आणला. कप्पा गुडघ्याएवढाच उंच, म्हणून पुढच्या बाजूने खाली दाराचा रबरी स्टॉपर सरकवून तोंड वर केलं. ट्विटरचा (बारीक, तीक्ष्ण आवाज काढणाऱ्या आतल्या छोट्या स्पीकरचा) रोख बसलेल्या माणसाच्या कानाकडे हवा, ते बघायला मोबाइलची पाठ स्पीकरच्या जाळीला टेकवून सेल्फी कॅमेरा चालू केला आणि सोफ्यावर बसलेल्या आईचा चेहरा स्क्रीनच्या मधोमध येईपर्यंत स्टॉपर आतबाहेर करत राहिलो. त्या रात्री तिने एकदाही विचारलं नाही.

आता खरंच नवीन घेत असाल तर डाव्या-उजव्या स्पीकरच्याच सिरीजमधला घ्या, स्वस्तात मिळतोय म्हणून भलत्याच कंपनीचा नको, नाहीतर गाडी डावीकडून उजवीकडे जाताना मधेच तिचा आवाज बदलतो. अजून एक, दोन वूफर (जाड आवाजाचे मोठे गोल) आडवे आणि मधे ट्विटर असा जो नेहमीचा सेंटर असतो तो समोर बसलेल्याला छान वाटतो पण सोफ्याच्या टोकाला बसलेल्याला बोलणं पोकळ लागतं, कारण दोन्ही वूफरचा आवाज तिथे पुढेमागे पोचतो आणि काही भाग एकमेकांना मारतो. हॉल रुंद असेल तर ट्विटर मिडरेंजच्या (मधल्या आवाजाच्या गोलाच्या) वर बसवलेला थ्री-वे घ्या, म्हणजे जाड, मधला, बारीक आवाज वेगवेगळे काढणारा. आणि बघणारे दोघंच, तेही मधोमध बसणारे असतील तर सेंटर नसला तरी चालतो, रिसीव्हरमध्ये (सगळे स्पीकर ज्याला जोडतात त्या डब्यात) सेंटर 'नन' करायचा, मग बोलणं डावा-उजवा मिळून वाजवतात.

वायर उलटी लागली नाही ना बघा, लाल लालला, काळी काळ्याला. टीव्हीचा ऑडिओ आउटपुट पीसीएमवर (टीव्हीनेच उलगडलेला आवाज) असेल तर बऱ्याचदा रिसीव्हरकडे 5.1, म्हणजे पाच स्पीकर आणि सबवूफरचा वेगवेगळा आवाज, जातच नाही, नुसतं स्टिरिओ जातं, तो बिटस्ट्रीम किंवा पासथ्रूवर (आवाज न उलगडता तसाच पुढे) टाका. रिसीव्हरमध्ये सेंटर 'स्मॉल' आणि क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती हद्द) 80 हर्ट्झ, स्पीकर अगदीच छोटा असेल तर 100-120, म्हणजे जड बास सबवूफर सांभाळतो. जागा हलवल्यावर ऑटो सेटअप (माइक लावून रिसीव्हर स्पीकर आपोआप जुळवतो ते) परत चालवा, लोक हे हमखास विसरतात! एवढं करूनही बोलणं दबतंय वाटलं तर मग सेंटरची लेव्हल 2-3 डीबी वाढवा, आधी नाही.