लिनक्स कर्नलचं बिल्ड इफडेफपाशी फुटतंय? या चुका टाळा

इफडेफ म्हणजे ‘हा पर्याय डिफाइन असेल तरच पुढचा कोड घे’ ही सूचना. समजा, मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागेत ओलावा मोजायला रास्पबेरी पायसाठी ड्रायव्हर लिहिला. तुमच्याकडे बिल्ड झाला, मित्राच्या कॉन्फिगवर फुटला. अशा वेळी कोडआधी दोघांच्या डॉट-कॉन्फिग फाइली (निवडलेले पर्याय यांत असतात) डिफ करून, म्हणजे फरक काढून पाहा.

सगळ्यात जास्त घोळ ‘वाय’ (कोड कर्नलच्या आतच) आणि ‘एम’मुळे (कोड वेगळ्या मॉड्यूलमध्ये) होतो. फू (उदाहरणापुरतं नाव) हा पर्याय ‘एम’ असला की कॉन्फिग_फू डिफाइन होतच नाही. होतो तो कॉन्फिग_फू_मॉड्यूल. हेडरमध्ये नुसतं इफडेफ कॉन्फिग_फू असेल, तर कंपायलर एल्सखालचा रिकामा स्टब (नावापुरतं फंक्शन) उचलतो, खरं फंक्शन सी फाइलीत असतंच, आणि ‘रीडेफिनिशन’ची एरर येते. खात्री करायची तर इन्क्लूड/जनरेटेडमधल्या ऑटोकॉन्फ डॉट एचमध्ये ग्रेप मारून कॉन्फिग_फू शोधा. उपाय: इफडेफऐवजी इफ इझ_एनेबल्ड, ते ‘वाय’ आणि ‘एम’ दोन्हींना खरं ठरतं. स्टबला स्टॅटिक इनलाइन लावायला विसरलात, तर लिंकिंगला ‘मल्टिपल डेफिनिशन’ ठरलेली.

पण इथंच थांबू नका. फू ‘एम’ आणि तुमचा ड्रायव्हर ‘वाय’ असेल, तर आता ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ येईल, कारण व्हीएमलिनक्स (मुख्य कर्नलची फाइल) मॉड्यूलमधल्या फंक्शनला लिंक होऊ शकत नाही. केकॉन्फिगमध्ये (पर्यायांचे नियम असतात त्या फाइलीत) ‘डिपेंड्स ऑन फू || !फू’ लिहा. दिसायला येडपट वाटतं, पण फू ‘एम’ असताना ड्रायव्हरला ‘वाय’ होऊ देत नाही. इझ_रीचेबलनेही (फूपर्यंत पोहोचता येत असेल तरच खरं) एरर जाते. मात्र सोय गुपचूप बंद पडते आणि शोधणारा बेजार होतो. शक्यतो टाळाच.

सस्पेंड-रिझ्यूमची (यंत्र झोपवण्या-उठवण्याची) फंक्शनं इफडेफमध्ये कोंबू नका. फंक्शन उरलं आणि त्याचा वापर गळला की ‘डिफाइन्ड बट नॉट यूज्ड’, आणि कॉन्फिग_डब्ल्यूएरर (वॉर्निंगलाही एरर मानणारा पर्याय) चालू असेल तर बिल्ड ठप्प. कर्नल ५.१७ पासून डिफाइन_सिंपल_डेव्ह_पीएम_ऑप्स आणि पीएम_स्लीप_पीटीआर आहेत, तेच वापरा.

कॉन्फिग_ हा उपसर्ग गाळला, तर एररसुद्धा येत नाही. तो कोड कायमचा वगळला जातो.

तपासायला अख्खा कर्नल नको. स्क्रिप्ट्स/कॉन्फिगने पर्याय वाय, एम, बंद असा फिरवा, दर वेळी मेक ओल्डडेफकॉन्फिग (उरलेले पर्याय आपोआप भरायला), मग फक्त आपली डॉट-ओ (कंपाइल झालेली) फाइल. कोड नेमका कुठं गळला ते डॉट-आय फाइल (इफडेफ सोडवून उरलेला कोड) बनवली की उघडं दिसतं. लिंकिंगच्या एररसाठी मात्र पूर्ण बिल्ड लागतंच.

मधेच लाइन गेली, तर मेक एमआरप्रॉपर मारू नका, डॉट-कॉन्फिगही पुसली जाते. शून्य बाइटच्या डॉट-ओ फाइली शोधून उडवा आणि पुन्हा मेक.