पानं वेगळी, वही एकच

"स्ट्रक्चर ६४ बाइटचं केलंत, म्हणजे प्रश्न मिटला?"

"हो, मिटला."

मुलाखत ऑनलाइन होती. माझ्या प्रोजेक्टमध्ये एकाच वेळी चालणारे भाग, म्हणजे थ्रेड, वाढवले की प्रोग्राम उलट मंदावायचा, तो हा प्रश्न. आणि स्ट्रक्चर म्हणजे एका थ्रेडच्या आकड्यांचा गठ्ठा. समोरच्यांनी काहीतरी टिपून घेतलं आणि विषय बदलला. मी बडोद्यातल्या घरी, दांडिया बाजारात, आवाज नको म्हणून पंखा बंद करून घामाघूम बसलेला, आणि तरी खूश. आठवड्याने दोन ओळींची नकाराची मेल आली. त्या "मिटला"ची आठवण झाली की अजून कान गरम होतात.

कॅश (प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी), कोहेरन्स (वेगवेगळ्या कॅशमधल्या प्रतींचा मेळ राखणं), परफॉर्मन्स या वाटेला येऊ पाहणाऱ्यांसाठी हे लिहितोय. एल-१, एल-२, एल-३ या कॅशच्या पायऱ्या, एल-१ सगळ्यात जवळची, तुम्हाला माहीत आहेत असं धरतो. एल-१ चार-पाच सायकलमध्ये उत्तर देते, रॅमपर्यंत जायचं तर काही शे सायकल जातात. म्हणून प्रत्येक कोअरला, म्हणजे प्रोसेसरमधल्या स्वतंत्र काम करणाऱ्या भागाला, आपली कॅश आणि त्या सगळ्या आपसांत जोडलेल्या, म्हणजे एकाकडचा डेटा दुसऱ्याला रॅमची फेरी न मारता मिळतो. नुसतं वाचायचं असेल तोवर चैन आहे. एकच लाइन, म्हणजे कॅशमधला डेटाचा ठरावीक तुकडा, दहा कोअरकडे असली तरी कुणाचं काही जात नाही. लिहायची वेळ आली की मात्र लिहिणाऱ्याला ती लाइन एकट्याच्या ताब्यात घ्यावी लागते आणि बाकीच्यांच्या प्रती रद्द होतात.

यासाठी प्रत्येक लाइनच्या चार अवस्था ठरवल्यात: मॉडिफाइड, एक्सक्लुझिव्ह, शेअर्ड, इनव्हॅलिड. क्लासवाले याचा रंगीत तक्ता देतात, तो पाठ केला की परीक्षेत मार्क पडतात आणि डोक्यात काही राहत नाही. त्यापेक्षा पापामार्कोस आणि जनक पटेल यांचा १९८४ चा मूळ पेपर वाचा. छोटासा आहे. दुसऱ्या कुणाकडे प्रत नसेल तर बसवर, म्हणजे सगळ्या कॅश जोडणाऱ्या सामायिक वाटेवर, दवंडी न पिटता लिहिता यावं, म्हणून एक्सक्लुझिव्ह ही अवस्था आली, हे तिथे नीट उमगतं. (पटेल हे नाव ऐकून आमच्या वर्गात शिट्ट्या पडल्या होत्या. बडोदं आहे, चालायचंच.)

आता माझा खड्डा. सावकाश सांगतो, कारण तुम्हीही त्यात पडणार आहात.

आमच्या वाड्यात दुधाची वही एक होती. पुढची पानं आमची, मागची वरच्या मजल्यावरच्या काकूंची. आईला "एक लिटर" लिहायचं असलं की वही नेमकी वर. मी जिना चढून आणायची, आणि दोन मिनिटांत हाक, "अरे, वही दे बघू वर!" कुणी कुणाच्या पानाला कधी हात लावला नाही, पाय मात्र माझे दुखले. प्रोसेसर डेटा नेतो-आणतो तो अख्ख्या लाइनने, बहुतेक लॅपटॉपवर ६४ बाइट. दोन थ्रेड आपापल्या काउंटरवर लिहीत असले आणि दोन्ही काउंटर एकाच लाइनवर पडले, तर ती लाइन दोन कोअरमध्ये जिना चढत-उतरत राहते. फॉल्स शेअरिंग ते हेच.

माझ्या प्रोजेक्टमध्ये चार थ्रेड होते. प्रत्येकाचा एक काउंटर आणि एक बेरीज, आठ-आठ बाइट, सगळं एका ॲरेत. चार थ्रेडना एका थ्रेडपेक्षा जास्त वेळ लागत होता. तीन आठवडे मी लॉक (थ्रेडना एकमेकांची वाट बघायला लावणारं कुलूप) शोधत बसलो, कोडमध्ये लॉक नव्हतंच. मग फॉल्स शेअरिंगबद्दल वाचलं आणि शहाणपणा करून काउंटर नि बेरीज यांच्या मधोमध ४८ बाइटची भर घातली. ८ अधिक ४८ अधिक ८, झाले ६४. प्रोग्राम आधीपेक्षा पळाला आणि मी तिथेच थांबलो. अजिबात फरक पडला नसता तर मी शोधत राहिलो असतो. अर्धवट सुधारणेने घात केला.

नकारानंतर एका सीनियर ताईला विचारलं.

"पत्ता बघितलास का?"

"कुणाचा?"

"ॲरेचा रे, बाबा!"

ॲरे मेमरीत जिथे सुरू होतो तो पत्ता छापला, ६४ ने भागला, बाकी ३२. मॅलॉक, म्हणजे मेमरी मागायचं फंक्शन, ६४ च्या पटीतला पत्ता द्यायला बांधील नाही, साधारणपणे १६ च्या पटीतला देतो. म्हणजे माझं पहिलं स्ट्रक्चर ३२ ते ९५ या बाइटवर बसलं होतं. त्यातली बेरीज ८८ वर. पुढच्या थ्रेडचा काउंटर ९६ वर. आणि ६४ ते १२७ ही एकच लाइन! वही फाडून दोन केल्या होत्या, पण भलत्याच पानावर फाडल्या होत्या. ॲलाइन्ड ॲलॉक या दुसऱ्या फंक्शनने ६४ च्या पटीतला पत्ता मागून घेतला, काम झालं.

घाबरू नका, एकदा कागदावर चौकोन काढून बाइट मोजलेत की हे पुन्हा विसरत नाही. पण मोजायचं हातानेच. ताईने त्या दिवशी एकच प्रश्न विचारला आणि फोन ठेवला, तेव्हा राग आला होता. तयार कोड पाठवणारे मेंटर मला पुढे बरेच भेटले. त्यांचं काही लक्षात नाही.

आणखी एक. ऑप्टिमायझेशन चालू केलं की कंपायलर साधा काउंटर कोअरच्या आतल्या रजिस्टरमध्येच ठेवू शकतो, दर वेळी मेमरीत लिहीत नाही, मग आजार गायब झाल्यासारखा वाटतो. ॲटॉमिक काउंटर (जो असा रजिस्टरमध्ये ठेवून चालत नाही) घेऊन तपासा. लिनक्सवर पर्फ सी-टू-सी हे साधन कुठली लाइन कोअरांमध्ये फिरतेय ते दाखवतं, फक्त व्हर्च्युअल मशीनवर बहुधा चालत नाही. तिथे मी एक रविवार आणि गार झालेली सेव-उसळ घालवली. जेम-फाइव्ह या प्रोसेसर सिम्युलेटरच्या मागे पहिल्या महिन्यात लागू नका. नुसतं बिल्ड होईस्तोवर उत्साह संपतो.

मग "सगळ्यांच्या कॅश जोडून एकच मोठी का करत नाहीत?" असं ज्युनियर विचारतात. करतात की. एएमडीने झेन-२ या प्रोसेसर आराखड्यामध्ये चार कोअरमागे १६ एमबी एल-३ ठेवली होती, २०२० च्या झेन-३ मध्ये आठ कोअरना मिळून ३२ एमबी दिली. आयबीएमच्या २०२१ च्या टेलम प्रोसेसरमध्ये तर वेगळी एल-३ चिपच्या आराखड्यातच नाही. आठ कोअरच्या ३२-३२ एमबीच्या एल-२ मिळून २५६ एमबीची आभासी एल-३ बनते. पण शेजाऱ्याची कॅश आपल्या कॅशपेक्षा लांबच, तिथे जाऊन यायला वेळ जास्त लागतोच. आधी तुमच्या लॅपटॉपवर कुठले कोअर कुठली एल-३ वाटून घेतात ते बघा. लिनक्सवर एलएस-सीपीयू ही एक कमांड पुरते.

दुसऱ्या मुलाखतीला मी बाकी ३२ चा किस्सा घोकून गेलो होतो. त्यांनी पेज टेबल विचारलं.