घाटात, गडावर जाताय? डासांचं आधी बघा

पाऊस ओसरला की अर्धं पुणं गाड्या काढून घाटाकडे पळतं, बॅगेत जर्किन असतं, पॉवर बँक असते, चिवडा पण असतो, फक्त डासांसाठी काही नसतं, कारण थंड हवेच्या ठिकाणी कुठले आलेत डास! अर्धंच खरं आहे ते. दर १००० मीटरला तापमान साधारण साडेसहा डिग्रीने उतरतं. पुणं ५६० मीटरवर, महाबळेश्वर १३५० च्या आसपास, म्हणजे फरक जेमतेम ५ डिग्रीचा, तेवढ्याने डासांची वाढ हळू होते, थांबत नाही. उटी २२०० च्या वर आहे, तिथे कमी असतात हे खरं, पण डासांमधून मलेरिया पसरतो हे ज्याने शोधलं तो रोनाल्ड रॉस १८९७ मध्ये उटीला गेला होता आणि खालच्या सिगूर घाटात उतरला तर त्यालाच मलेरिया झाला. म्हणून माथ्याची उंची बघू नका, रात्री झोपणार कुठे ते बघा. मुक्काम बहुतेक वेळा पायथ्याच्या गावातच असतो ना.

आता महिना. जुलैच्या धो धो पावसात अळ्या बऱ्याचदा वाहूनच जातात. खरी कटकट सप्टेंबर ते नोव्हेंबर, ओढे संथ झालेले, कातळातले खळगे, गडावरची टाकी, होमस्टेच्या मागे पडलेले टायर सगळीकडे पाणी साठलेलं, आणि हवा जरा उबदार असली की अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. डेंग्यूवाल्या एडिसची अंडी तर कोरडी पडून महिनोन्महिने टिकतात, त्यामुळे वळवाचा पाऊस पडला तरी परत चालू. डिसेंबर-जानेवारीत माथ्यावर बऱ्यापैकी निवांत.

वेळेचं तर लोक उलटंच धरून बसलेत. एडिस दिवसा चावतो, उजाडल्यानंतर दोनेक तास आणि मावळायच्या आधी दोनेक तास त्याचा जोर, म्हणजे बरोबर सनसेट पॉइंटवर शॉर्ट्स घालून मका खात बसायची वेळ :) मलेरियाचा ॲनोफिलिस रात्रीचा. त्यामुळे डासांची क्रीम एकदाच रात्री झोपताना लावून भागत नाही.

क्रीम किंवा स्प्रे घेताना लेबल वाचा. २० टक्के डीट किंवा पिकारिडिन (डास पळवणारी रसायनं) असलेलं काही तास टिकतं, साधी डासांची क्रीम पण चालते पण ती लवकर उतरते, आणि चढताना घाम आला की कुठलंही असो, परत लावायचं. सनस्क्रीन आधी, ते मुरलं की मग हे. घोटे, मानेची मागची बाजू, कानामागे, हे हमखास राहतं. डीट घड्याळाच्या प्लास्टिक पट्ट्याला आणि गॉगलला लावू नका, खराब होतात. लहान मुलांच्या तळहाताला काही लावायचं नाही, हात तोंडात जातात, आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला डीट नाहीच, जाळी टाका. कपडे ढगळ, फिके, फुल बाह्यांचे. टाइट लेगिंगमधून डास आरामात चावतो. ते सुगंधी रबरी बँड आणि मोबाईलमधली डास पळवणारी ॲप, पैसे आणि बॅटरी वाया.

बुकिंग करताना खिडकीला जाळी आहे का, मच्छरदाणी मिळेल का, हे सरळ फोनवर विचारून टाका, गावाकडचे लोक देतात काढून. पंखा असेल तर थंडी वाजली तरी स्लो चालू ठेवा, वाऱ्यात डासाला नीट उडता येत नाही. टेंटची चेन संध्याकाळपासूनच बंद हवी, आणि टेंटच्या आत कॉइल लावायची नाही म्हणजे नाही, धूर कोंडतो आणि आग लागली तर बाहेर पडायला वेळ मिळत नाही.

घरात कोणी गरोदर असेल तर जास्त सांभाळा. झिका (एडिसमधूनच पसरणारा विषाणू, पोटातल्या बाळाला धोका) परदेशातलं काहीतरी वाटतं, पण राज्यातला पहिला पेशंट २०२१ मध्ये आपल्याच पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला होता.

परत आल्यावर ताप आला तर नुसतं थकवा म्हणून काढू नका. डेंग्यू डास चावल्यापासून ४ ते १० दिवसांत दिसतो, मलेरिया आठवड्याच्या पुढे, त्यातला व्हायवॅक्स प्रकार तर कधी कधी काही महिन्यांनी पण. तापाला फक्त पॅरासिटामॉल, डेंग्यू नाही हे कळेपर्यंत ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नको, आणि डॉक्टरांना कुठे, कधी मुक्काम केला होता ते न विचारता सांगा म्हणजे रक्ताच्या टेस्ट पहिल्याच दिवशी लिहून देतील.