ब्रेकचं काम झालंय, आता कोकणात निघायच्या आधी काय काय बघायचं

गणपतीच्या आधीचा आठवडा म्हणजे गॅरेजवाल्यांचा सीझन, ज्याला त्याला गावाला जायचंय आणि ज्याला त्याला गाडी आजच संध्याकाळी हवीय. या गडबडीत एक पोरगा चाक उघडतो, दुसराच येऊन बसवतो, आणि मधे एखादा बोल्ट नुसता हाताने फिरवलेला राहून जातो. म्हणून सगळ्यात आधी तारीख बघा, ब्रेकचं काम निघायच्या निदान आठवडाभर आधी उरकायचं, आदल्या दिवशी तर नकोच नको. ब्रेक एकदा उघडून परत जोडले की नीट बसलेत की नाही ते गाडी चालवल्याशिवाय कळत नाही, आणि ते चालवून बघायची जागा कुंभार्ली किंवा आंबोलीचा उतार नाही.

गाडी देतानाच जॉब कार्डवर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या, म्हणजे "ब्रेक चेक करणे" असं मोघम नको, "साठच्या स्पीडला ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते" असं. काढलेले जुने पॅड (डिस्क ब्रेकमधे डिस्कला दाबणारे) आणि लायनर (ड्रम ब्रेकमधे ड्रमला घासणारे) परत द्या म्हणून तेव्हाच सांगून ठेवा आणि नवीन पार्टच्या खोक्याचा फोटो मागा. यात लाजायचं काही कारण नाही, चांगला मेकॅनिक स्वतःहूनच जुना माल दाखवतो. ब्रेक ऑइल डॉट ३ की डॉट ४ (हा ऑइलचा ग्रेड) ते त्याच्याच टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, तेच टाकायचं. दुसरं कुठलं इंजिन ऑइल-बिइल चुकून गेलं तर आतले रबर फुगतात आणि मग जवळजवळ सगळी सिस्टीम बदलावी लागते.

गाडी ताब्यात घेताना चावी फिरवून लगेच निघू नका. नवीन पॅड घालताना कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे कोणी पेडल पंप केलं नसेल तर पहिला ब्रेक थेट जमिनीला टेकतो आणि गाडी गॅरेजच्याच गेटवर आपटते. गाडी उभी असतानाच चार-पाच वेळा पेडल दाबा, ते टणक लागलं पाहिजे. स्पंजसारखं मऊ लागलं आणि पंप केल्यावर वर येत असेल तर लाइनमधे हवा आहे, परत ब्लीड करायला, म्हणजे हवा काढायला लावा. आता इंजिन चालू ठेवून पेडल अर्धा मिनिट एकाच जोराने दाबून धरा, हळूहळू खाली सरकत गेलं तर कुठेतरी गळतंय नाहीतर मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल पुढे ढकलणारा पंप) आतून सोडतोय. बूस्टरची (इंजिनच्या व्हॅक्यूमवर पेडलला जोर देणारा डबा) टेस्ट याच्या उलट, इंजिन बंद करून पेडल कडक होईपर्यंत दाबायचं, तसंच दाबून ठेवून स्टार्टर मारायचा, पेडल जरासं खाली गेलं म्हणजे बूस्टर ठीक. काहीच हललं नाही तर व्हॅक्यूमचा पाइप सुटलाय का ते बघायला सांगा.

चावी ऑन केल्यावर ब्रेकचा लाल दिवा आणि एबीएसचा पिवळा दिवा दोन्ही लागायला हवेत आणि नंतर विझायला हवेत (हँडब्रेक वर असेल तर लाल राहणारच). पिवळा लागूनच राहिला तर बहुतेक वेळा चाकाजवळची सेन्सरची वायर ओढली गेलेली असते किंवा प्लग लावायचा राहिलेला असतो. तेव्हा साधा ब्रेक लागतो म्हणून लोक तसेच पळवतात, पण ओल्या रस्त्यावर चाक लॉक झालं की एबीएस मदतीला येत नाही. हँडब्रेकचं म्हणाल तर, मागचे शू (ड्रममधे लायनर ज्यावर बसतो ते) अॅडजस्ट न करता फक्त केबल ताणून देणं हा फार जुना शॉर्टकट आहे, लिव्हर मस्त घट्ट लागतो आणि मागची चाकं दिवसभर घासत राहतात.

मग टॉर्च घेऊन खाली वाका, खरं म्हणजे चाक काढून बघता आलं तर उत्तमच. नवीन पॅडचं मटेरियल साधारण १० मिलिमीटर असतं, ३ च्या खाली गेलं की बदलायचं, आणि आतला-बाहेरचा दोन्ही पॅड बघायचे कारण कॅलिपरची पिन जाम असेल तर एकच पॅड झिजतो. पॅड उलटा, म्हणजे पत्र्याची बाजू डिस्ककडे करून बसवलेला, ऐकायला जोक वाटतो पण असं होतं, डिस्कवर पहिल्याच दिवशी चरे पडतात. पण मला स्वतःला सगळ्यात जास्त भीती वाटते ती रबरी होजची, म्हणजे कॅलिपरला ऑइल नेणाऱ्या पाइपची. कॅलिपर उतरवला की तो तारेने टांगून ठेवायचा असतो, पण बरेच जण होजवरच लोंबकळत सोडतात, त्याने होज बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून फाटतो, मग पाय दाबला की ऑइल पुढे जातं आणि पाय काढल्यावर मागे येत नाही, ब्रेक चिकटून राहतो. आणि नवीन कॅलिपर टाकला तरी हा दोष जात नाही, दोन-दोन वेळा पैसे जातात. होजला पीळ पडलाय का बघा, काही होजवर लांबीभर रेघ असते, ती सरळ दिसली पाहिजे. स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून होज टायरला घासत नाही ना तेही बघा.

गळती शोधायला टायरची आतली बाजू, ड्रमची मागची प्लेट आणि होज जिथे कॅलिपरला जोडलाय तो बोल्ट, एवढ्या ठिकाणी पांढरा टिश्यू फिरवा. त्या बोल्टचे तांब्याचे वॉशर नवीन टाकायचे असतात, जुनेच परत लावले की तिथून पाझरतं. रात्री चारही चाकांखाली पुठ्ठा टाकून ठेवा. एसीचं पाणी ठिबकलेलं असेल तर ते नुसतं पाणी असतं, घाबरू नका, बुळबुळीत पिवळट डाग दिसला तर मात्र गाडी हलवू नका. आणि ब्रेक ऑइल बोनेटवर सांडलेलं दिसलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, रंग खातं ते.

चाकाचे नट गनने कडकड करून लावतात, कुठे जास्त कुठे कमी, त्यामुळे नंतर डिस्क वाकडी चालून स्टेअरिंग थरथरतं. मॅन्युअलमधे टॉर्कचा, म्हणजे नट किती जोराने आवळायचा त्याचा आकडा असतो, तेवढाच, आणि समोरासमोरचे नट आलटून पालटून. ५०-१०० किलोमीटरनंतर परत एकदा पाना लावून बघा.

ट्रायल मोकळ्या मैदानात, आधी विसच्या स्पीडला, मग चाळीसला. गाडी एका बाजूला ओढतेय का, पेडल पायाखाली धडधडतंय का, एवढं बघायचं. नंतर आठ-दहा किलोमीटर कमीत कमी ब्रेक वापरून चालवा आणि उतरून प्रत्येक चाकाजवळ नुसता हात न्या, डिस्कला हात लावायचा नाही, चटका बसेल. एकच चाक तापलेलं असेल, करपल्यासारखा वास येत असेल, तर तो ब्रेक सुटत नाहीये. नवीन पॅड बसायला दोनेकशे किलोमीटर तरी जातात, तोपर्यंत गचकन ब्रेक मारायची वेळ आणू नका.

"चालवा साहेब, सेट होईल" हे गॅरेजचं वाक्य अर्धं खरं असतं. हलकी चूंचूं असेल किंवा पावसात उभ्या गाडीचा सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकना खरखराट असेल तर खरंच सेट होतं, तो वरवरचा गंज असतो. मऊ पेडल, गळती, लाल दिवा, लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज यातलं काहीही आपोआप सेट होत नाही, गाडी टो करूनच परत न्यायची. पॅडला ऑइल किंवा ग्रीस लागलं असेल तर पॉलिश पेपर मारून, पेट्रोलने पुसून देतो म्हणतील, ऐकू नका, पॅड आत शोषून घेतो, दोन्ही बाजूंचा सेट बदलायचा.

घाटात उतरताना दुसरा-तिसरा गिअर, न्यूट्रल नाही आणि इंजिन बंद तर कधीच नाही, कारण दोन-चार दाबण्यांत बूस्टरचा व्हॅक्यूम संपतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल धरतं म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं, नवीन डॉट ४ निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही पण ओल धरली की हाच आकडा १५५ वर येतो, आणि उकळलं की वाफेमुळे पेडल खाली जातं. तसं झालंच तर भराभर पंप करा, एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेक बटण दाबून ठेवून हळूहळू ओढा, हॅझर्ड आणि हॉर्न चालू, गाडी डोंगराच्या बाजूला घ्या. चावी काढू नका, स्टेअरिंग लॉक होईल.

काम बिघडलेलं निघालं तर आधी त्याच गॅरेजला लेखी कळवा, व्हॉट्सअॅपवर व्हिडिओसकट, पण वाद होणार असं दिसत असेल तर त्यांनी परत उघडायच्या आधी दुसऱ्या मेकॅनिककडून फोटोसह लिहून घ्या, नाहीतर पुरावाच राहत नाही. ऐकत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यानेही नाही भागलं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. फक्त पैसे दिल्याचा कागद लागतो, तेव्हा जीएसटी वाचतोय म्हणून कच्च्या बिलावर काम उरकू नका.