झोपेच्या गैरसमजांवर चर्चा कशी रंगवावी

एका वेळी एकच समज घ्या. पाचांची यादी समोर ठेवली की लोक मान डोलावतात आणि गप्प बसतात. 'दारूने झोप छान लागते' हे सुरुवातीला उत्तम, कारण ते अर्धे खरे आहे: डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप मोडत राहते. निव्वळ खोट्या समजावर बोलायला फारसे काही उरत नाही.

उत्तर लगेच देऊ नका. आधी 'तुमचा अनुभव काय?' असे विचारा, चार-पाच जण बोलले की मग कारणासकट सांगा. 'संध्याकाळच्या कॉफीने मला काही होत नाही' असे कोणीतरी म्हणतेच. शरीरातले कॅफीन निम्मे व्हायला साधारण 5 तास लागतात. म्हणजे 6 वाजता घेतलेल्या कपातले जवळपास अर्धे 11 वाजताही अंगात असते. झोप लागली तरी ती उथळ होऊ शकते.

'मला 5 तास पुरतात' इथे जपून. बहुतेक प्रौढांना किमान 7 तास लागतात, पण बोलणाऱ्याला खोटे पाडले की तो पुन्हा तोंड उघडत नाही. त्यापेक्षा 'सुट्टीला गजराशिवाय किती झोपता?' असे विचारा. उत्तर त्याचे त्यालाच मिळते.

घोरण्याचा विषय थट्टेवर जातोच, जाऊ द्या. मात्र घोरताना श्वास थांबतो, दिवसा पेंग येते असे कोणी सांगितले, तर तो स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याचा विकार, असू शकतो. तिथे सल्ले थांबवून डॉक्टरकडे पाठवा. झोपेच्या गोळ्यांची नावे, डोस कोणी सुचवू लागले तर तिथल्या तिथे अडवा.